हात तेवढे काशाक्काचे

ये गं नयना, अशी जवळ बस. तिकडं दाराशी नको, इथं माझ्या गुडघ्याशी. किती वर्षं झाली, काही हिशोब आहे का? "मावशी, तुमच्या हातची भाकरी विसरायची नाही" म्हणून बेंगळूरला गेलीस, ती गेलीसच. एक फोन नाही, एक चिठ्ठी नाही. आम्ही वडगावच्या बायका काय, पिच्चर झाला की आमचं काम झालं, होय ना?

असू दे. रागावते आहे, पण निम्मा राग खोटा आहे. तू दोनदा फोन केलेलास आणि मीच उचलला नव्हता. नाव दिसलं तशी मोबाइल पिठाच्या डब्यावर पालथा घालून ठेवला. का, ते आज सांगते. आमच्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, अंकासाठी एखाद्या माणसाबद्दल लिहा, बोलता तसंच लिहा. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कोणी येईना. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे. पण वाचणाऱ्यांना काशाक्का कुठली ठाऊक? म्हणून तू समोर बसलीस असं धरून पहिल्यापासून सांगते, कंटाळू नको.

काशाक्का जोडणी करायची. मागावरचा उभा धागा, म्हणजे ताणा, संपत आला की तो पुरता संपू देत नाहीत. शेवट फणीत तसाच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला जोडत जातात. हजारो धागे. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. चिमूटभर राख बोटाला लावायची, दोन्ही टोकं चिमटीत धरायची आणि एक पीळ. झालं. तुम्ही आम्ही पिळला तर लगेच सुटेल. काशाक्कानं पिळलेला धागा लुगडं विणून होईपर्यंत सुटायचा नाही.

ती आली की गल्लीला कळायचं. हातात राखेची एक चपटी डबी. तिच्याच चुलीतली राख, दुसऱ्याची चालायची नाही. मागाच्या पाठीमागं बसण्याआधी हातातल्या बांगड्या काढून मागाच्या खुंटीला अडकवायची. मग मागाला लावायला हळद-कुंकू मागायची. पहिल्या धाग्याला बोट लावलं की ताण्याचा पलीकडचा काठ येईपर्यंत गप्प. घराला आग लागली तरी, "काठ येऊ दे" म्हणाली असती. आणि काठ आला की तोंड सुटायचं ते चहा निवेपर्यंत. कुणाची सून रुसली, कुणाचा म्हातारा चोरून भजी खातो, सगळं. पण एका घरचं दुसऱ्या घरात नेलेलं मी कधी ऐकलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाली, "मागाच्या पाठीमागं बसणारीला सगळं घर दिसतंय गं. म्हणून तर डोळं धाग्यावर ठेवायचं."

पोरींना शिकवताना म्हणायची, "धागा वढायचा न्हाई. बोलवायचा."

दिसायला म्हणशील तर चारचौघींसारखी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हात मात्र तिचे. डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं, आणि उजव्या हाताची करंगळी लहानपणी मागात सापडून बाहेरच्या बाजूला वळलेली. धागा पिळताना ती करंगळी अशी लांब, एकटी उभी राहायची. गल्लीतल्या प्रत्येक घरात ते हात तासन् तास बघितलेले. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कुणीही ओळखले असते.

आणि पिच्चरचा नाद! सुट्टीच्या दिवशी दुपारचा खेळ, एकटी जायची. बाई एकटी थेटरात जाते म्हणून कोणी बोललं तर म्हणायची, "तिथं सगळी अंधारातच बसल्यात. एकटं काय आणि दुकटं काय." बघायची मात्र लुगडी. एकदा मला देवादिकांच्या पिच्चरला घेऊन गेली. देवी प्रकट झाली, माणसं हात जोडायला लागली, आणि ही मोठ्यानं, "अगं ये, देवीचं लुगडं पॉवरलूमचंय की!" पुढची बाई मागं वळून म्हणाली, "आक्का, पाप लागंल." तर ही म्हणाली, "मला कशाला? नेसवणाऱ्याला लागंल."

तर नयना, तुम्ही पिच्चर काढायला आलात ते एका थंडीत. तुमच्या पिच्चरमधली बाई विणकराची विधवा. तुम्हाला जुना हातमाग पाहिजे होता आणि गल्लीत सगळ्यांचे पॉवरलूम झालेले, हातमाग तेवढा आमच्याकडंच राहिलेला, माझ्या सासूबाईंचा, मागच्या खोलीत. आमच्या ह्यांना तू विचारलंस. हे म्हणाले, "माग म्हंजे देव आहे. तिथं सिनेमावाले नकोत." विषय संपला. पण मला संपवायचा नव्हता. सासूबाईंचा माग लोकांनी बघावा, पडद्यावर बघावा, ही माझी हौस. ह्यांना भाच्याच्या साखरपुड्याला दोन दिवस चिकोडीला जायचं होतं. हे एसटीत बसले आणि मी तुला फोन लावला.

त्या नटीला धागा काही पिळता येईना. मग तू म्हणालीस, हात तेवढे दुसऱ्या कुणाचे घेऊ. मी काशाक्काकडं गेले. ती नको म्हणाली, हे तुला ठाऊक नाही. "तुझ्या दिरास्नी कळलं तर?" म्हणाली. दीर म्हणजे आमचे आप्पा. गल्लीच्या देवळाचं सगळं त्यांच्या हातात, आणि त्यांचा शब्द ह्यांच्यापेक्षा मोठा. मी तिला हसले. म्हटलं, "काशाक्का, तोंड कुठं दिसणार हाय? नुस्ता हात. हात कोण वळखतंय?"

हे मी म्हटलं. मीच.

"बरं," ती म्हणाली. "पण तुझ्या घरातलं माझ्या तोंडातनं भाईर जायचं न्हाई."

शेजाऱ्यांना मी सांगितलं, डिझाइन शिकणाऱ्या पोरी आल्यात माग बघायला. तशा येतातच, कुणाला काही वाटलं नाही. दिवे लागले, तुमचा तो दाढीवाला ओरडला, आणि काशाक्का हात वर करून म्हणाली, "थांब बाबा. हळद-कुंकू कुठाय?" तो कपाळावर हात मारून बसला आणि तू स्वयंपाकघरात पळालीस. आठवतं? चार तास तिचे हात चालले. तिच्या अंगावरचं लुगडंसुद्धा दिसू नये म्हणून तुम्ही काळं कापड गुंडाळलं होतं. हे मी डोळ्यांनी बघितलं. तुमच्याशिवाय हे बघणारी जगात मी एकटी.

पुढच्या वर्षी तू बोलावलंस. कॅम्पातल्या हॉलमध्ये एकच खेळ, संध्याकाळचा. घरी सांगितलं, काशाक्काच्या भाचीकडं अनगोळला जातो. काशाक्का लग्नाला निघाल्यासारखी निघाली. ठेवणीतलं लुगडं, अंबाडा, आणि पिशवीत खण, नारळ, तांदूळ. मी म्हटलं, "हे कशाला?" म्हणाली, "आमच्यात नवं लुगडं मागावरनं उतरलं की वटी भरत्यात. तिच्या अंगाला माझे हात लावल्यात. ती हिरोईन माझी कुणीतरी लागत न्हाई व्हय?"

हॉलमध्ये झोळ्यावाली पोरं, चष्म्यावाले साहेब. पॉपकॉर्न नाही, काही नाही. पिच्चर निम्मा कन्नड, निम्मा मराठी, आमच्या बोलण्यासारखाच. आणि मग ते आलं. नवऱ्याचं दिवसकार्य झालंय, पाहुणे गेलेत, आणि ती बाई खिडकीशी उभी राहून चोळी सोडते. उघडी पाठ. मग आंघोळीला बसते. घाई नाही, लाज नाही, पाणी ओतून घेते आणि एकटीच हसते. हॉलमध्ये कुणी खोकेना. एक गृहस्थ उठून गेले, त्यांची चप्पल लांबपर्यंत वाजली. मी पदर तोंडावर घेतला. खोटं कशाला सांगू, एक डोळा बाहेर होता, पण तो पडद्यावर नव्हता, दारावर होता. वडगावचं कोणी आत येतंय का ते बघत होता.

आणि त्या उघड्या पाठीनंतर लगेच, मध्ये दुसरं काही नाही, काशाक्काचे हात. आख्ख्या पडद्याएवढे. गोंदण, करंगळी, राख.

तिनं माझा दंड धरला. "अगं, किती म्हातारं झालेत गं." मग थोड्या वेळानं, "बघ बघ, तिथं बोट घसरलंय माझं. आणि ह्यांनी न्हेमकं तेच ठेवलंय."

खेळ संपल्यावर बोलणं होतं. एक साहेब उठून म्हणाले, कथा चांगली आहे, पण त्या दृश्याची आवश्यकता होती का? कुणी काही, कुणी काही. आणि माझ्या शेजारी काशाक्का उभी राहिली. मी पदर ओढला तिचा, बस म्हटलं. बसली नाही.

"साहेब, मी लुगड्याच्याच कामातली बाई हाय. जलमभर बायकांचं अंग झाकायचंच काम केलंय. पर मला एक सांगा, आंगूळ काय लुगडं नेसून करायची व्हय?"

टाळ्या पडल्या. तो साहेबसुद्धा हसला. ती मात्र हसली नव्हती. हळूच मला म्हणाली, "बाईला पाण्यात बसल्यावर एकदा तरी हसावं असं वाटतंय गं. मलाबी वाटलंतं, त्यांचं दिस झाल्यावर. मी न्हाई हसले. सासू भाईर बसलीती."

नटी आलीच नव्हती. मग हॉलच्या पायरीवर काशाक्कानं तुझीच ओटी भरली. तुला पदर कुठला, पँट घालून आलेलीस. तू खांद्यावरची झोळी पुढं केलीस आणि खण-नारळ लॅपटॉपवर जाऊन पडले. रिक्षात ती सगळ्या वाटेनं बोलत होती. मी तिला दोनदा म्हटलं, "हळू बोल, रिक्षावाला आपल्याकडचा असंल."

महिनाभरानं त्या पिच्चरची एक फीत फोनवर आली. अर्ध्या मिनिटाची. खिडकी, उघडी पाठ, आणि लगेच हात. तुम्ही चांगल्या भावनेनंच टाकली असेल, मी तुला दोष देत नाही. पण गल्लीत ती एका दुपारी घरोघर फिरली. पाठ कुणाला ओळखता येणार? हात सगळ्यांनी ओळखले. आणि हात काशाक्काचे, म्हणजे पाठही तिचीच. या वयात! पाठ एकीची आणि हात दुसरीचे असू शकतात, हे डोक्यात येणार तरी कसं? आम्ही एका ताण्याचं अखंड लुगडं विणणारी माणसं.

त्या दिवशी ती आमच्याकडंच जोडणीला बसलेली. ही माझी शिक्षा बघ. संध्याकाळी आप्पा आले, हातात मोबाइल. आमचे हे माग बंद करून उभे राहिले. मी चुलीशी, चहा टाकलेला. मधे दार उघडं.

"काशे, हात तुझाच न्हवं ह्यो?"

तिचा काठ यायचा होता. तिनं धागा पुरा पिळला, मग मान वर केली. काठ येण्याआधी ती बोललेली मी तेवढीच एकदा ऐकली.

"व्हय आप्पा. माझाच."

"आन् ही पाठ?"

"न्हाई. ती त्या पोरीची. हात तेवढे माझे."

"येडं समजतीस व्हय आम्हास्नी? एकीची पाठ, एकीचा हात, असं कुठं असतंय?"

"जोडत्यात आप्पा. मी जोडती तसंच. ह्यो एक धागा, ह्यो एक. कळून येत न्हाई."

"कुठल्या घरात केलंस हे?"

तिनं पुढचा धागा चिमटीत धरला.

"घर सांग. संगं कोण हुतं ते सांग. एक जण उभा राहून म्हणू दे की नुस्ता हात हुता म्हणून. मी देवळात सगळ्यांम्होरं सांगतो, विषय संपला."

आप्पा वाईट माणूस नव्हता, नयना. त्यानं खरंच संपवला असता. एक माणूस पाहिजे होता. चार पावलांवर होता.

काशाक्का म्हणाली, "घराचं नाव मी घ्यायची न्हाई."

"म्हंजे साक्ष न्हाई."

"न्हाई म्हणा."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. पण ती मुद्दाम बघत नव्हती, हे मला तेव्हाच कळलेलं. मी काय केलं? साखरेचा डबा उघडला. एक चमचा, दुसरा, तिसरा. हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. मग चहा घेऊन बाहेर आले आणि पहिला कप आप्पांना दिला.

तिनं ती जोडणी काठापर्यंत पुरी केली. खुंटीच्या बांगड्या घेतल्या. त्या दिवशी चहाला थांबली नाही.

तिला कोणी वाईट बोललं नाही, दार लावलं नाही. फक्त बोलावणं येईना. शाहापूरचा एक जण जोडणीला येऊ लागला. आमच्याकडंही आला. ह्यांनी आणला आणि मी त्याला पाट दिला. तो गाठी मारायचा. फणीत अडकायच्या, माग थांबायचा. प्रत्येक वेळी माग थांबला की मी स्वयंपाकघरात थांबायची. नवरात्रात जोडणीवालीची ओटी आमच्यात भरतात, विधवा असली तरी; त्या वर्षी काशाक्काची कुणी भरली नाही. मीही नाही. पुढच्या संक्रांतीच्या आधी ती बोरगावला बहिणीकडं राहायला गेली. गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दोन वर्षांनी मी गेले. निपाणीला उतरून दुसरी गाडी धरली. बहिणीच्या घरी बिड्या वळतात. काशाक्का ओट्यावर बसून पानं कातरत होती. बिडी वळायला तयार नव्हती. "तंबाखूचा वास बोटास्नी लागला की धाग्याला लागतोय," म्हणाली. धागा कुठला आता? मी तसं म्हटलं नाही.

एक गोष्ट मला बघवली नाही. गल्लीतनं कोणी परकं माणूस गेलं की बायका डोक्यावर पदर घेतात. ती हात पदराखाली घ्यायची. दोन्ही. माणूस पुढं गेलं की पुन्हा कात्री हातात.

मी सगळं पाठ करून गेलेले, काय बोलायचं ते. तोंड उघडलं तर ती म्हणाली, "पदर बघू. दशा सुटल्यात की तुझ्या." आणि माझा पदर मांडीवर ओढून, सुटलेले धागे दोन-दोन घेऊन पिळायला लागली. राख नव्हती, तर बोट भिंतीच्या चुन्यावर घासलं. पदर तिच्या हातात, मला उठताही येईना. तशीच बोलले. "काशाक्का, त्या दिवशी मी बोलले न्हाई."

"व्हय," म्हणाली. करंगळी तशीच उभी. "चहात साखर लई पडलीती तवा. आप्पांनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आता बोलंल ही."

मी रडले. ती रडली नाही, आणि असू दे, झालं गेलं, असंही म्हणाली नाही. मी वाट बघत होते की म्हणेल. पदराचा काठ आल्यावर म्हणाली, "एक राहिलंय बघ. त्यो पिच्चर मला पुन्यांदा बघायचाय. तवा मी नुस्ते माझे हातच बघितले. ती बाई बघायची राहिली."

"मी दारच बघितलं," मी म्हटलं.

तेव्हा मात्र हसली. "मग तर तुझा सगळाच राहिलाय."

गाडीपर्यंत सोडायला आली. स्टँडवर माणसं होती, म्हणून हात पदराखाली. मी खिडकीत बसले. गाडी हलली. ती तशीच उभी, दोन्ही हात झाकून. वळणावर गाडी जरा थांबली आणि मी मागं बघितलं, तर डावा हात बाहेर आलेला. वर, डोक्याच्या वर. गोंदण एवढ्या लांबून कुठलं दिसायला, पण मला दिसलं. शेजारची बाई म्हणाली, कोण हो त्या? मी म्हटलं, आमच्या काशाक्का. तेवढं मोठ्यानं म्हटलं, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. जिथं म्हणायचं तिथं म्हटलं नाही.

मागच्या थंडीत ती गेली. बहिणीच्या सुनेनं कळवलं, तिसऱ्या दिवशी.

परवा ह्यांना सगळं सांगितलं. जेवत होते, ताटावरून उठले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन सासूबाईंच्या मागावरची धूळ झटकत बसले. आप्पांना अजून सांगायचं आहे. आप्पांना आता एका कानानं ऐकू येत नाही, मोठ्यानं सांगावं लागेल. बरंच आहे, गल्लीला ऐकू जाईल.

तर नयना, फोन मी उचलला नाही ही माझी चूक, पण तू आता पुन्हा कर. नाहीतर फोन नको, सरळ ये. तो पिच्चर घेऊन ये, पुरा, फोनवरचा तुकडा नको. मागच्या खोलीतली भिंत मी चुना लावून ठेवते. सगळ्या बायकांना बोलावते, आप्पांना पुढं बसवते. ती पाठ आली, आणि मग हात आले, की थांबव. मला उभं राहून दोन वाक्यं बोलायची आहेत, त्याच घरात, त्याच मागाशी. तू नुसती शेजारी उभी राहा.

पण लवकर ये गं. गल्लीतल्या चार म्हाताऱ्या यंदा गेल्या. नव्या सुनांनी काशाक्काला बघितलेलं नाही. ते हात ओळखणारी माणसं आहेत, तोवर ये.